परळी वैजनाथ

परळी वैजनाथ हे महाराष्ट्राच्या बीड जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण व रेल्वे जंक्शन आहे. बालाघाट डोंगररांगेच्या उत्तर पायथ्याशी वसलेल्या या शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ९० हजार होती. वैजनाथाचे ज्योतिर्लिंग, औष्णिक विद्युत केंद्र आणि रेल्वे या तीन गोष्टींमुळे परळीचे नाव जिल्ह्याबाहेर पोहोचले. निजामाच्या राजवटीत येथे लोहमार्ग आला. जिल्ह्याचे मुख्यालय असलेल्या बीड शहराला मात्र पहिली रेल्वेगाडी पाहण्यासाठी २०२५ सालापर्यंत थांबावे लागले. जिल्ह्याच्या एका कोपऱ्यात जंक्शन आणि मुख्यालयात स्थानकच नाही, अशी विचित्र स्थिती अनेक दशके टिकली.

देवस्थान

रेल्वे येण्यापूर्वी परळीची ओळख वैजनाथाचे क्षेत्र एवढीच होती. मंदिर उंचवट्यावर असून रुंद दगडी पायऱ्यांनी वर जावे लागते. सध्याच्या मंदिराचा जीर्णोद्धार अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकर यांनी केला. बारा ज्योतिर्लिंगांपैकी वैद्यनाथ नेमके कोणते, याबाबत झारखंडमधील देवघर येथील मंदिराचाही दावा आहे. मराठी, तेलुगू व कन्नड भाषक भाविक मात्र परळीलाच ज्योतिर्लिंग मानून येतात. येथे गाभाऱ्यात जाऊन लिंगाला हात लावून दर्शन घेण्याची प्रथा आहे. महाशिवरात्र, श्रावणी सोमवार आणि हरिहरांच्या ऐक्याशी जोडलेली वैकुंठ चतुर्दशी हे मोठ्या गर्दीचे दिवस. वारकरी परंपरेतील संत जगमित्र नागा हे परळीचेच. त्यांची समाधी गावात असून शैव क्षेत्रातील हे वैष्णव स्थान गावकऱ्यांना कधी वेगळे वाटलेले नाही.

लोहमार्गाचे आगमन

मराठवाड्यातील लोहमार्गांची आखणी हैदराबादच्या सोयीने झाली. निजाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वे या कंपनीने गोदावरी खोऱ्यातून मनमाड ते सिकंदराबाद असा मीटरगेज मार्ग बांधला व तो १९०० साली पूर्ण झाला. औरंगाबाद, जालना, परभणी व नांदेड ही शहरे या मार्गावर आली. बीड जिल्हा गोदावरीच्या दक्षिणेस असल्याने बाजूलाच राहिला. पुढे परभणीहून पोखर्णी व गंगाखेडमार्गे गोदावरी ओलांडून एक मीटरगेज शाखा परळीपर्यंत आणण्यात आली. दुसरा मार्ग विकाराबादहून बीदर, भालकी, उदगीर व लातूर रोड असा येऊन घाटनांदूरनंतर बालाघाट उतरत परळीस मिळाला. हा मार्ग ब्रॉडगेजचा होता. १९३० साली निजाम सरकारने कंपनीचा कारभार स्वतःकडे घेतला. १९५१ मध्ये ही रेल्वे मध्य रेल्वेत विलीन झाली आणि १९६६ मध्ये दक्षिण मध्य रेल्वेची स्थापना झाल्यावर परळी तिच्याकडे गेली. हे स्थानक सिकंदराबाद विभागात मोडते.

दोन मार्ग एकाच गावात मिळत असले तरी त्यांच्या रुळांची रुंदी वेगळी होती. मीटरगेजवर दोन रुळांतील अंतर एक मीटर, तर ब्रॉडगेजवर १,६७६ मिलिमीटर. त्यामुळे एका मार्गाचा डबा दुसऱ्या मार्गावर चालणे शक्य नव्हते. परभणीकडून बीदर किंवा हैदराबादकडे जाणाऱ्या प्रवाशाला परळीस उतरून गाडी बदलावी लागे, आणि पुढे जाणारा माल एका वाघिणीतून उतरवून दुसरीत भरावा लागे. गाडी बदलण्याची ही सक्ती प्रवाशांना त्रासाची होती, परंतु हमाल, टांगेवाले व स्थानकाभोवतीचे दुकानदार यांची रोजीरोटी अशाच थांब्यांवर चालते. तिकडे लातूर शहरात बार्शी लाइट रेल्वेची नॅरोगेज गाडी १९११ पासून येत होती. म्हणजे परळी ते लातूर एवढ्या लहानशा टापूत भारतातील तिन्ही प्रमुख रुंदीचे रूळ होते आणि त्यांपैकी एकही दुसऱ्याशी जुळत नव्हता.

मनमाड–परभणी मार्गाचे रुंदीकरण १९९० च्या दशकात झाले व पुढे परभणी–परळी शाखाही ब्रॉडगेज झाली. लातूर–कुर्डुवाडी नॅरोगेजचे रुंदीकरण २००८ मध्ये पूर्ण झाल्यावर परळीहून पंढरपूर, कोल्हापूर व पुण्याकडे थेट गाड्यांचा मार्ग मोकळा झाला. काकीनाडा–शिर्डी, पनवेल–नांदेड आणि कोल्हापूर–नागपूर या गाड्या परळीवरून धावतात. परळीलगतचे घाटनांदूर हे अंबाजोगाई तालुक्यातील छोटे गाव असून खुद्द अंबाजोगाईला रेल्वे नसल्याने तेथील प्रवाशांना तेच जवळचे स्थानक आहे.

कोळसा आणि पाणी

परळीच्या औष्णिक विद्युत केंद्राचा ३० मेगावॅटचा पहिला संच १९७१ मध्ये सुरू झाला. १९८० ते १९८७ या काळात २१० मेगावॅटचे तीन संच उभे राहिले, तर २००७, २०१० व २०१६ मध्ये प्रत्येकी २५० मेगावॅटचे तीन नवे संच आले. जुने संच टप्प्याटप्प्याने बंद झाले आहेत. परळीच्या आसपास कोळशाची खाण नाही. केंद्राचा कोळसा रेल्वेनेच येतो, म्हणून लोहमार्गाशिवाय हे केंद्र येथे उभेच राहिले नसते.

कोळसा आणता आला तरी पाणी आणणे अवघड ठरले. केंद्राला गोदावरीवरील खडका बंधाऱ्यातून पाणी मिळते आणि बंधाऱ्यात पाणी येण्यासाठी वरच्या धरणांतून ते सोडावे लागते. २०१३ च्या दुष्काळात फेब्रुवारीमध्ये पाण्याअभावी १,१३० मेगावॅट क्षमतेचे संपूर्ण केंद्र बंद ठेवावे लागले. २०१५ च्या जुलैमध्ये पुन्हा तीच वेळ आली. केंद्र थांबले की कोळशाच्या गाड्या थांबतात आणि कंत्राटी मजुरांचे काम जाते. पिण्याचे पाणी, शेती की वीज, हा प्रश्न परळीत प्रत्येक मोठ्या दुष्काळात नव्याने उभा राहतो. २०१६ च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी पुरवावे लागले, यावरून या टापूतील टंचाईची कल्पना येते.

केंद्राची राख दाऊतपूर परिसरातील तळ्यात साठवली जाते. तिच्यावर वीटभट्ट्या व वाहतुकीचा मोठा व्यवसाय उभा राहिला आहे. उन्हाळ्यात उडणारी राख हा आसपासच्या गावांचा जुना तक्रारीचा विषय आहे.

लोकजीवन व राजकारण

तालुक्यातील कोरडवाहू भागातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे जातात. बीड जिल्ह्याचे हे सर्वांत मोठे हंगामी स्थलांतर बैलगाड्या, ट्रक व ट्रॅक्टरमधून रस्त्यानेच होत आले. जंक्शन जवळ असूनही पश्चिमेकडे थेट लोहमार्ग नव्हता, शिवाय बिऱ्हाड व जनावरे सोबत असत.

ऊसतोड मजुरांच्या प्रश्नांवर राजकारण उभे करणारे गोपीनाथ मुंडे (१९४९–२०१४) हे परळी तालुक्यातील नाथ्रा गावचे. १९९५ ते १९९९ या काळात ते राज्याचे उपमुख्यमंत्री होते. केंद्रीय ग्रामविकासमंत्री झाल्यानंतर काही दिवसांतच, ३ जून २०१४ रोजी दिल्लीतील अपघातात त्यांचे निधन झाले व दुसऱ्या दिवशी परळीत अंत्यसंस्कार झाले. पांगरी येथील त्यांचे स्मारक गोपीनाथगड म्हणून ओळखले जाते. परळी विधानसभा मतदारसंघातून २००९ व २०१४ मध्ये त्यांच्या कन्या पंकजा मुंडे, तर २०१९ व २०२४ मध्ये पुतणे धनंजय मुंडे निवडून आले.

अहिल्यानगर–बीड–परळी मार्ग

परळीला पश्चिमेकडे थेट जोडणाऱ्या २६१ किमी लांबीच्या या मार्गास १९९५-९६ मध्ये मंजुरी मिळाली. आरंभी सुमारे ३५३ कोटी रुपये धरलेला खर्च रखडपट्टीत अनेक पटींनी वाढला आणि पुढे राज्य शासनाने निम्मा वाटा उचलण्याचे ठरले. २३ सप्टेंबर २०२२ रोजी आष्टीपर्यंत, तर मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, १७ सप्टेंबर २०२५ रोजी, बीडपर्यंत प्रवासी गाडी सुरू झाली. मार्गाच्या पश्चिम टोकाच्या अहमदनगरला आता अहिल्याबाईंचे नाव आहे आणि पूर्व टोकाला त्यांनीच जीर्णोद्धार केलेले मंदिर आहे, हा निव्वळ योगायोग. बीड शहरात गाडी पोहोचली तेव्हा वडवणी व सिरसाळामार्गे परळीपर्यंतचा सुमारे ९० किमीचा टप्पा अपूर्ण होता. त्यामुळे जिल्ह्याच्या जुन्या रेल्वेगावातून जिल्ह्याच्या नव्या स्थानकाकडे जायला परळीकरांना एस.टी.चीच वाट धरावी लागत होती.