लिनक्सला कमी मार्क देणारे प्राध्यापक

२९ जानेवारी १९९२ रोजी ॲमस्टरडॅमच्या एका विद्यापीठात शिकवणारे प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी यूजनेटवरच्या मिनिक्सच्या चर्चागटात एक संदेश टाकला. विषयाच्या जागी तीनच इंग्रजी शब्द होते. सांगणं एवढंच, की लिनक्स कालबाह्य झालं आहे. लिनक्स जगापुढे येऊन तेव्हा जेमतेम पाच महिने झाले होते आणि त्याचा कर्ता, हेलसिंकी विद्यापीठातला लिनस टोरवाल्ड्स, बावीस वर्षांचा होता. पाळण्यातल्या पोराला म्हातारं म्हणण्याचाच हा प्रकार.

संगणकाच्या इतिहासात ऑपरेटिंग सिस्टिमवरून भांडणं पुष्कळ झाली, पण इतकं गाजलेलं दुसरं नाही. पुढे ते गुरूला हरवणाऱ्या शिष्याची गोष्ट म्हणून चवीने सांगितलं जाऊ लागलं. टोरवाल्ड्स टॅनेनबॉमांच्या वर्गात कधी बसला नव्हता. त्याने त्यांचं पुस्तक वाचलं होतं. आणि हरलं कोण, हेही वाटतं तितकं सरळ नाही.

सुरुवात करायची तर युनिक्सपासून करावी लागते. १९६९ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी ही प्रणाली लिहायला घेतली. बेल लॅब्ज ही एटी अँड टी या टेलिफोन कंपनीची. सरकारशी १९५६ साली झालेल्या तडजोडीमुळे कंपनीला टेलिफोन सोडून दुसऱ्या धंद्यात पडता येत नव्हतं, त्यामुळे विद्यापीठांना युनिक्स किरकोळ दरात आणि सोर्स कोडसकट मिळे. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात जॉन लायन्स यांनी तर सहाव्या आवृत्तीच्या कर्नलचा सगळा कोड ओळीओळीने उलगडून सांगणारी टिपणं काढली आणि तीच वर्गात शिकवली. मग कंपनीला युनिक्सची किंमत कळली. १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या परवान्यात अट आली, की हा कोड वर्गात शिकवायचा नाही. लायन्स यांची टिपणं त्यानंतर जगली ती झेरॉक्सवर. एका प्रतीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी, अक्षरं पुसट होईपर्यंत. इंजिनिअरिंग कॉलेजाबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात रांग लावलेल्या कोणालाही या परंपरेची ओळख करून द्यायला नको.

शिकवायला युनिक्स नाही, तर आपणच एक लिहू, असं टॅनेनबॉमांनी ठरवलं. १९८७ साली त्यांचं ऑपरेटिंग सिस्टिमवरचं पाठ्यपुस्तक आलं आणि त्याच्याबरोबर मिनिक्स आलं. त्यात एटी अँड टीची एक ओळही नव्हती. सुमारे बारा हजार ओळींचा कोड, तो पुस्तकात छापलेला, आणि फ्लॉपीवरही विकत मिळायचा. हार्डडिस्क नसलेल्या, ४.७७ मेगाहर्ट्झच्या स्वस्त पीसीवर तो चालला पाहिजे, हा त्यांचा हट्ट होता. कारण महागडं यंत्र विद्यार्थ्याने आणायचं कुठून? भारतात त्यांची पुस्तकं प्रेंटिस हॉल ऑफ इंडियाच्या स्वस्त ‘ईस्टर्न इकॉनॉमी एडिशन’मध्ये निघाली. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तकं धुंडाळणाऱ्या पिढ्यांना टॅनेनबॉम हे नाव त्यांच्या कडू-गोड परीक्षांसकट पाठ आहे.

हेलसिंकीतल्या विद्यार्थ्याने १९९० च्या उन्हाळ्यात हेच पुस्तक वाचून काढलं. जानेवारी १९९१ मध्ये त्याने ३८६ प्रोसेसरचा, ३३ मेगाहर्ट्झचा आणि चार एमबी मेमरीचा पीसी हप्त्याने घेतला आणि त्यावर मिनिक्स टाकलं. विद्यापीठाच्या यंत्राला फोनवरून जोडून घेण्यासाठी मिनिक्समध्ये जी सोय होती, ती त्याला पसंत पडली नाही, म्हणून त्याने स्वतःची लिहिली. मग फायली उतरवून घ्यायच्या म्हणून डिस्कचा ड्रायव्हर लिहिला, मग फाइल सिस्टिम. एक दिवस त्याच्या या प्रोग्रॅमने मोडेमऐवजी चुकून हार्डडिस्कलाच ‘फोन लावला’ आणि मिनिक्सचा भाग खराब करून टाकला. ते पुन्हा बसवायचं, की आपल्याच प्रोग्रॅमला पूर्ण प्रणाली करायचं, असे दोन रस्ते उरले. त्याने दुसरा धरला. २५ ऑगस्ट १९९१ ला त्याने मिनिक्सच्याच चर्चागटात जाहीर केलं की आपण छंद म्हणून एक फुकट प्रणाली लिहितो आहोत, ती काही फार मोठी होणार नाही. सप्टेंबरमध्ये ०.०१ आवृत्ती निघाली. नाव त्याला ‘फ्रीक्स’ द्यायचं होतं, पण ज्या आरी लेम्के यांनी सर्व्हरवर जागा दिली, त्यांना ते आवडलं नाही. त्यांनी फोल्डरला ‘लिनक्स’ नाव देऊन टाकलं.

आता मूळ तक्रारीकडे. प्राध्यापकांचे आक्षेप दोन होते. पहिला कर्नलच्या बांधणीवर.

कर्नल म्हणजे प्रणालीचा गाभा: मेमरी कोणाला किती, डिस्कवर काय कुठे, कोणत्या प्रोग्रॅमची पाळी केव्हा, हे ठरवणारा. सरकारी कचेरीचं उदाहरण घेतलं तर दोन तऱ्हा दिसतात. एका कचेरीत साहेबांकडे मोजकेच अधिकार असतात. बाकी प्रत्येक कारकून आपापल्या जाळीमागे बसतो आणि एकाकडून दुसऱ्याकडे जाणारा प्रत्येक कागद आवक-जावकच्या नोंदीतूनच जातो. एखादा कारकून कोलमडला तर त्याच्या जागी दुसरा बसवता येतो, कचेरी बंद पडत नाही. पण कागद हलायला वेळ लागतो. हा मायक्रोकर्नल. दुसऱ्या कचेरीत सगळे एकाच दालनात बसतात आणि सगळ्या कपाटांच्या किल्ल्या सगळ्यांकडे असतात. कामं झपाझप होतात, पण एकाने घोळ घातला तर सगळं दालन बसतं. हा मोनोलिथिक कर्नल. मिनिक्स पहिल्या तऱ्हेचं होतं, लिनक्स दुसऱ्या. या विषयातल्या जाणकारांमध्ये मायक्रोकर्नलच्या बाजूने निकाल कधीच लागला आहे, १९९१ मध्ये मोनोलिथिक लिहिणं म्हणजे थेट सत्तरच्या दशकात परत जाणं, असं टॅनेनबॉमांचं म्हणणं होतं.

दुसरा आक्षेप असा, की लिनक्स एकट्या ३८६ प्रोसेसरला घट्ट बांधलेलं आहे. इंटेलची ही घराणेशाही लवकरच संपेल, पाच वर्षांत सगळे स्पार्कसारख्या नव्या पद्धतीच्या यंत्रांवर मोफत ग्नू प्रणाली चालवत असतील, असा त्यांचा अंदाज होता.

टोरवाल्ड्सने त्याच दिवशी उत्तर दिलं आणि ते गरम होतं. मायक्रोकर्नल तात्त्विकदृष्ट्या सरस आहे, हे त्याने मान्य केलं. ग्नूचा कर्नल वेळेत तयार असता तर आपण या भानगडीत पडलोच नसतो, असंही म्हटलं. पण मिनिक्स मायक्रोकर्नलचं कामही धड करत नाही, त्याच्या फाइल सिस्टिमला एका वेळी अनेक कामं हाताळता येत नाहीत, आणि प्राध्यापकी हा या उणिवांसाठी छान बहाणा आहे, असे टोले त्याने हाणले. दुसऱ्याच दिवशी आवाज खाली आला आणि आपण जरा जास्त बोललो, अशी कबुली त्याने दिली. टॅनेनबॉमांनी आपली बाजू सोडली नाही. तू माझा विद्यार्थी नाहीस हे नशीब समज, असल्या आराखड्याला माझ्याकडे फार मार्क मिळाले नसते, हे त्यांचं वाक्य पुढे दंतकथा झालं. जॉर्जिया टेकच्या एका केन थॉम्प्सन यांनीही (युनिक्सवाल्यांशी त्यांचं फक्त नाव जुळतं) मध्ये दोन शब्द घातले: मोनोलिथिक कर्नल लिहायला सोपा खरा, पण बदल होत गेले की त्याचा विचका व्हायलाही तितकाच सोपा.

वादाचा हा भाग आजही रंगवून सांगितला जातो. पण खरा निकाल दुसरीकडे लागत होता, आणि तिथे मायक्रोकर्नलचा संबंध फारसा नव्हता.

मिनिक्स वापरणारे टॅनेनबॉमांकडे सतत काहीतरी मागत. ३८६ ची पूर्ण ताकद वापरता यावी, मोठी मेमरी चालावी, हे हवं, ते हवं. प्राध्यापकांचं उत्तर बहुधा ‘नाही’ असे, आणि त्याला सबळ कारण होतं. प्रणाली फुगली तर एका सत्रात ती विद्यार्थ्याला समजणार कशी? म्हणून ऑस्ट्रेलियातल्या ब्रूस इव्हान्स यांच्यासारखे लोक आपल्या दुरुस्त्या वेगळ्या वाटत. हौशी माणसाने आधी मिनिक्स विकत घ्यायचं, मग त्यावर या दुरुस्त्यांची ठिगळं लावत बसायचं. टोरवाल्ड्सचं उत्तर बहुधा ‘हो’ असे. १९९१ च्या डिसेंबरमध्ये जर्मनीतल्या एका वापरकर्त्याकडे दोनच एमबी मेमरी होती आणि त्याचा कंपायलर तीत मावत नव्हता. टोरवाल्ड्सने नाताळच्या सुट्टीत मेमरीतली पानं डिस्कवर हलवण्याची सोय लिहून टाकली. ही सोय मिनिक्समध्ये नव्हती. पैसे पाठवू का, असं विचारणाऱ्यांना तो सांगे, पोस्टकार्ड पाठवा. ती देशोदेशींहून येत राहिली.

वाद पेटल्याला तीनच दिवस झाले होते, तेव्हा १ फेब्रुवारी १९९२ पासून लिनक्सला ग्नू प्रकल्पाच्या रिचर्ड स्टॉलमन यांचा जीपीएल परवाना लागू झाला. आधीच्या परवान्यात पैसे घ्यायला बंदी होती. आता विकायला मुभा मिळाली, अट एवढीच की कोड आणि त्यातले बदल उघडे ठेवायचे. मिनिक्स मात्र प्रकाशकाच्या ताब्यात होतं आणि मोफत परवान्याखाली यायला त्याला २००० साल उजाडलं. आठ वर्षं हा या धंद्यात एक जन्म असतो.

नशिबाचाही वाटा होता. बर्कली विद्यापीठाची बीएसडी ही प्रणाली लिनक्सपेक्षा कितीतरी मुरलेली होती आणि १९९२ मध्ये ३८६ वर आलीही, पण एटी अँड टीच्या युनिक्स कंपनीने त्याच वर्षी खटला भरला आणि १९९४ पर्यंत तिच्यावर टांगती तलवार राहिली. बीएसडी आधी हाताशी असती तर लिनक्स जन्मलंच नसतं, असं टोरवाल्ड्सने पुढे म्हटलं. आणि प्राध्यापकांना ज्या ग्नू प्रणालीचा भरवसा होता, तिचा स्वतःचा हर्ड नावाचा कर्नल १९९० मध्ये सुरू झाला होता. तो मायक्रोकर्नलवर बेतलेला होता. रोजच्या वापरात तो आजतागायत आलेला नाही.

टॅनेनबॉमांच्या भाकिताचं काय झालं? १९९७ मध्ये घरोघरी स्पार्क नव्हे, पेंटियम आणि विंडोज ९५ होतं. हे भाकीत साफ आपटलं. पण एकाच प्रोसेसरला बांधून घेऊ नका, हा त्यांचा सल्ला लिनक्सने निमूट मानला: १९९५ मध्ये ते डिजिटल कंपनीच्या अल्फा प्रोसेसरवर चालू लागलं, आणि पुढे अँड्रॉइडच्या पोटात शिरून खिशाखिशांत गेलं. तिथले आर्म प्रोसेसर प्राध्यापकांना आवडणाऱ्या पद्धतीचेच आहेत.

भारतात हा वाद त्या वेळी किती जणांपर्यंत पोचला असेल? सर्वसामान्यांसाठी इंटरनेट इथे सुरू झालं १५ ऑगस्ट १९९५ ला. डायलअपवरून लिनक्स उतरवायचं म्हणजे टेलिफोनच्या बिलाशी जुगार. नव्वदच्या दशकात पुष्कळांना लिनक्स पहिल्यांदा भेटलं ते ‘पीसीक्वेस्ट’ मासिकाबरोबरच्या सीडीवर, आणि मग ती सीडी हॉस्टेलच्या एका खोलीतून दुसरीत फिरली. पुढे रेड हॅट या लिनक्स कंपनीच्या पुण्यातल्या कार्यालयात भारतीय भाषांचं काम उभं राहिलं, देवनागरीचा लोहित फॉन्ट मुक्त परवान्याखाली मिळाला. एखादं जोडाक्षर पडद्यावर फाटून दिसलं तर तक्रार नोंदवायची, जमलं तर दुरुस्तीही पाठवायची, ही सवय मराठी मुलांना तिथे लागली. त्यासाठी कर्नल कोणत्या बांधणीचा आहे हे कोणाला विचारावं लागलं नाही.

वादाच्या दोन्ही बाजूंचं वैर टिकलं नाही. २००४ साली अमेरिकेतल्या एका संस्थेच्या केनेथ ब्राउन यांनी पुस्तक लिहायला घेतलं. एकट्या विद्यार्थ्याने कर्नल लिहिलाच कसा, कुठून तरी उचलला असणार, असा त्यांचा रोख होता. माहितीसाठी ते ॲमस्टरडॅमला गेले, ते नेमके टॅनेनबॉमांकडे. प्राध्यापकांनी आपल्या संकेतस्थळावर सविस्तर लिहिलं की लिनसने मिनिक्समधून कोड चोरलेला नाही, कर्नल त्याने स्वतः लिहिला. मायक्रोकर्नलच बरा, हे मत त्याच लिखाणात त्यांनी पुन्हा नोंदवलं, ते वेगळं.

नोव्हेंबर २०१७ मध्ये जगातल्या पाचशे सर्वांत वेगवान महासंगणकांच्या यादीत पहिल्यांदाच सगळ्या पाचशेंवर लिनक्स होतं. त्याच सुमारास एक दुसरी बातमी फुटली. इंटेलच्या नव्या चिपसेटमध्ये मॅनेजमेंट इंजिन नावाचा एक छोटा, वेगळा संगणक असतो. मुख्य यंत्र बंद असतानाही तो जागा राहू शकतो. त्यात मिनिक्स चालतं. म्हणजे लिनक्स वा विंडोज चालवणाऱ्या कोट्यवधी पीसींच्या तळाशी टॅनेनबॉमांची प्रणाली कोणाला न सांगता बसली होती. त्यांना स्वतःलाही हे वर्तमानपत्रांतून कळलं. इंटेलला त्यांनी खुलं पत्र लिहिलं: काही वर्षांपूर्वी तुमच्या माणसांनी मिनिक्सबद्दल बारीकसारीक प्रश्न विचारले होते आणि काही बदलही करून घेतले होते, मग पुढे गप्प का बसलात? मिनिक्सच्या बीएसडी परवान्यात सांगण्याची सक्ती नाही, हे त्यांना माहीत होतं. मात्र काम झाल्यावर कळवलं असतं तर बरं वाटलं असतं, असं त्यांनी लिहिलं. लिनक्सचा जीपीएल असता तर इंटेलला त्या चिपमधले आपले बदल उघड करावे लागले असते.