हात जपावा की चालवावा?

स्तनाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया झाली, टाके निघाले आणि बाई घरी आली म्हणजे दुखणे सरले, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. पुष्कळ भगिनींच्या बाबतीत ती खरीही ठरते. परंतु काहींना काही महिन्यांनी, तर काहींना कित्येक वर्षांनीही, निराळाच अनुभव येतो. ज्या बाजूची शस्त्रक्रिया झाली त्या हातातील बांगड्या घट्ट होऊ लागतात, पोलक्याची बाही दंडाला काचते, हात जड व ओढल्यासारखा वाटतो. या सुजेला वैद्यकात ‘लिंफेडेमा’ असे नाव आहे. अशा बाईला घरीदारी एकच उपदेश ऐकू येई : ‘आता हा हात जपा, जड काही उचलू नका.’ हा उपदेश कोठून आला आणि पुढे तो का बदलावा लागला, याचा इतिहास प्रत्येक भगिनीने जाणून घ्यावा असा आहे.

प्रथम ही सूज येते कशी, ते पाहू. आपल्या शरीरात रक्तवाहिन्यांखेरीज आणखी एक वाहिन्यांचे जाळे आहे. १६२२ साली इटलीतील गास्पारे असेल्ली यांना कुत्र्याच्या आतड्यांजवळ दुधासारख्या पांढऱ्या वाहिन्या दिसल्या. पुढे १६५३ च्या सुमारास डेन्मार्कचे थॉमस बार्थोलिन व स्वीडनचे ओलोफ रुडबेक यांनी अशा वाहिन्या शरीरात इतरत्रही पसरलेल्या आहेत हे दाखवून दिले. त्यांतून वाहणाऱ्या द्रवाला आपण लसिका म्हणतो. हाताची बरीचशी लसिका काखेतील ग्रंथींतून पुढे जाते. त्या ग्रंथी काढल्या, किंवा क्ष-किरणांच्या उपचाराने तेथील मार्ग आक्रसला, म्हणजे शेतातील पाट बुजल्यावर पाणी जसे वाफ्यात तुंबते, तशी लसिका हातात तुंबते. विदर्भात व इतरत्र आढळणारा हत्तीरोग डासांच्या चाव्यातून शिरणाऱ्या कृमींमुळे होतो. ही सूज त्याहून निराळी आहे. ती एकीपासून दुसरीला मुळीच लागत नाही.

अमेरिकेतील बाल्टिमोर येथील शल्यविशारद विल्यम हॉलस्टेड यांनी १८९४ साली आपल्या ५० शस्त्रक्रियांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांच्या पद्धतीत स्तनाबरोबर छातीचे स्नायू आणि काखेतील ग्रंथी अशा सर्वच काढून टाकीत. जीव वाचविण्याची त्यांची तळमळ खरी होती. परंतु त्याची किंमत हाताला मोजावी लागे. १९२१ साली त्यांनी स्वतःच या सुजेवर एक निबंध लिहिला आणि तिला शस्त्रक्रियेतून उद्भवणारा हत्तीरोग असेच नाव दिले. तरीही ती मोठी शस्त्रक्रिया पुढे अर्धशतकाहून अधिक काळ जगभर रूढ राहिली.

सुजेवर उपाय शोधणारेही निघाले. डेन्मार्कचे एमिल व्होडर आणि त्यांच्या पत्नी एस्ट्रिड यांनी १९३० नंतरच्या दशकात फ्रान्समध्ये असताना, लसिकेला वाट करून देणारी अतिशय हलक्या हाताची मालिश पद्धती विकसित केली. आपली तेलाची रगडून केलेली मालिश ती नव्हे. पुढे हंगेरीहून जर्मनीत आलेल्या मिखाएल आणि एटेल्का फोल्डी या वैद्य दांपत्याने त्वचेची निगा, ही मालिश, दाब देणारे पट्टे आणि व्यायाम या चारही गोष्टींची सांगड घातली. आजही या सुजेच्या उपचाराचा पाया हाच आहे.

परंतु घरी गेलेल्या बाईने हात कसा हलवावा, हे तिला सांगणार कोण? १९५२ साली न्यूयॉर्कमधील टेरीस लॅसर या बाईंवर स्तनाची मोठी शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर कसे वागावे हे धड सांगणारे कोणी भेटले नाही, म्हणून त्या स्वतःच रुग्णालयांत जाऊन नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रियांना भेटू लागल्या. हाताच्या व्यायामासाठी एक चेंडू व दोरी आणि धीराचे चार शब्द, एवढी त्यांची शिदोरी. काही शल्यविशारदांना हे मुळीच रुचले नाही. तरी त्यांनी काम सोडले नाही आणि १९६९ साली अमेरिकन कॅन्सर सोसायटीने ते आपल्या छत्राखाली घेतले.

खांदा आखडू नये म्हणून साधे व्यायाम मान्य झाले. तथापि जोराच्या श्रमाची भीती काही गेली नाही. श्रमाने हाताकडे रक्त अधिक येईल, त्याबरोबर लसिका वाढेल आणि सूज चढेल, असा तर्क होता. तर्क दिसायला बिनतोड होता. पण तो कोणी नीट पारखून पाहिला नव्हता. दरम्यान कित्येक स्त्रियांनी बादली उचलणे सोडले, नातवंडाला कडेवर घेणे सोडले. हात न चालल्याने तो अधिकच दुबळा झाला, आणि एखादे दिवशी ओझे उचलण्याचा प्रसंग आलाच तर तो दुबळा हात अधिक लवकर दुखावण्याचा धोका राहिला.

ही भीती पाण्यावर मोडली. कॅनडातील व्हँकूव्हर येथे १९९६ साली व्यायामवैद्यकाचे तज्ज्ञ डॉ. डोनाल्ड मॅकेन्झी यांनी स्तनाचा कर्करोग होऊन गेलेल्या २४ स्त्रियांना एकत्र केले आणि ड्रॅगन बोट नावाची लांब होडी वल्हवायला शिकविले. वल्ही मारणे म्हणजे हात, खांदे व छाती यांचा जोराचा, पुनःपुन्हा होणारा व्यायाम. नेमका तोच, जो निषिद्ध मानला होता. पायरीपायरीने सराव करून त्या स्त्रिया शर्यतीत उतरल्या. कोणाला नव्याने सूज आली नाही, आणि जिला होती तिची वाढली नाही, असे डॉक्टरांनी १९९८ साली लिहिले. आज अनेक देशांत अशा स्त्रियांच्या होड्या पाण्यावर दिसतात.

२४ जणींचा अनुभव हा पुरावा म्हणून थोडाच. तो अधिक भक्कम केला अमेरिकेतील कॅथरीन श्मिट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. सूज असलेल्या १४१ स्त्रियांचे त्यांनी दोन गट केले. एका गटाने दाब देणारी बाही घालून, आठवड्यातून दोनदा, शिक्षकांच्या देखरेखीने प्रारंभ करून वर्षभर वजने उचलली. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले : वजनांमुळे सूज वाढली नाही, उलट ती बळावण्याचे प्रसंग या गटात १४ टक्के स्त्रियांना आले, तर दुसऱ्या गटात २९ टक्के स्त्रियांना. पुढच्याच वर्षी, सूज नसलेल्या १५४ स्त्रियांच्या अभ्यासातही वजने उचलल्याने सूज येण्याचा धोका वाढलेला दिसला नाही.

याच काळात शस्त्रक्रियाही सौम्य होत गेली. अमेरिकेत बर्नार्ड फिशर आणि इटलीत उंबेर्तो व्हेरोनेसी यांनी दाखवून दिले की, आरंभीच्या अवस्थेत स्तन राखूनही जीव तितकाच सुरक्षित राहतो. १९९० नंतर काखेतील पहिल्या एकदोन ग्रंथी तपासून, रोग तेथवर पोचला नसेल तर बाकीच्या जागेवरच ठेवण्याची पद्धत आली. त्यामुळे सूज पूर्वीपेक्षा कमी येते. पण ती नाहीशी झालेली नाही. आपल्या मुंबईत परळ येथे १९४१ सालापासून टाटा स्मारक रुग्णालय उभे आहे, आणि आज भारतातील स्त्रियांत सर्वाधिक आढळणारा कर्करोग स्तनाचाच आहे. तेव्हा हा प्रश्न दूरदेशीचा नाही, आपल्या शेजारघरचा आहे.

मग हात जपावा की चालवावा? दोन्ही. चालवावा तो शिकून, थोड्यापासून आरंभ करून, हळूहळू वाढवीत. आणि सूज असल्यास डॉक्टरांच्या किंवा फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने व दाबाची बाही घालून. जपावा तो विळीच्या कापापासून, चुलीच्या चटक्यापासून, चिघळलेल्या जखमेपासून. अंगठी वा बांगडी घट्ट वाटू लागली तर ‘बघू पुढे’ म्हणू नये. आरंभी सूज लवकर आटोक्यात येते. हात लाल व गरम झाला, ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

भगिनींनो, या इतिहासात डॉक्टरांइतकेच, ‘करून तर पाहू’ म्हणणाऱ्या स्त्रियांचे ऋण आहे. आपल्या शेजारी अशी एखादी बाई असेल, तर तिच्या हातचे काम केवळ दयेने काढून घेऊ नका. तिच्याबरोबर तपासणीला जा, व्यायामाच्या वेळी तिच्या सोबतीला बसा. मंडळाच्या व्यायामवर्गात तिच्यासाठी जागा राखून ठेवणे हे आपणांपैकी प्रत्येकीला करता येण्याजोगे काम आहे.