बेटम्याची बावडी आणि आपली दफ्तरे

गौतमपुरा म्हटले की आपल्यापुढे दोन गोष्टी उभ्या राहतात. एक म्हणजे सुभेदार मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई, ज्यांच्या नावावरून या गावाला नाव मिळाले आणि ज्यांच्या नावे १७३४ मध्ये होळकरांची खासगी जहागीर सुरू झाली. दुसरी म्हणजे दिवाळीच्या पाडव्याला तेथे होणारे हिंगोट युद्ध. गौतमपुऱ्याचा पक्ष ‘तुरा’ आणि रुणजीचा ‘कलंगी’, ही नावे ऐकून मराठी माणसाला शाहिरांचा कलगीतुरा आठवला नाही तरच नवल! परंतु याच देपालपूर परिसरात, इंदूरहून धारकडे जाणाऱ्या रस्त्यावर, बेटमा येथे एक जुनी बावडी आहे. तिच्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते.

बेटम्याचा गुरुद्वारा या बावडीमुळेच प्रसिद्ध आहे. गुरू नानकदेव (१४६९–१५३९) दक्षिणेच्या यात्रेत येथे आले आणि त्यांच्या कृपेने येथील खारे पाणी गोड झाले, अशी शीख समाजाची श्रद्धा आहे. इंदूर शहरातील इमली साहिब गुरुद्वाराही याच यात्रेशी जोडला जातो. ज्या चिंचेखाली गुरूंनी विसावा घेतला, तिच्यावरून स्थानाला नाव पडले, असे सांगतात. ओंकारेश्वरचे नाते ‘दखणी ओंकार’ या त्यांच्या वाणीशी लावले जाते, तर बऱ्हाणपुरास १७०८ मध्ये नांदेडकडे जाताना गुरू गोविंदसिंह थांबले होते. अशी ही नर्मदा-तापीच्या वाटेवरची स्थानांची साखळी आहे.

इतिहासाच्या अभ्यासकाने येथे थोडे थांबावयास हवे. गुरू नानकांच्या यात्रांची वर्णने ज्या जनमसाख्यांत आहेत, त्या त्यांच्या निर्वाणानंतर लिहिल्या गेल्या. त्यांच्या आधारे माळव्यातील एकेका मुक्कामाची तिथी ठरविणे शक्य नाही. मग ही स्थाने टिकली कशी? परंपरा सांगते, की इमली साहिबची सेवा प्रथम उदासी साधूंनी केली आणि पुढे होळकरांच्या लष्करातील शीख शिपायांनी ती चालविली. म्हणजे कागदापेक्षा नित्याच्या सेवेनेच या स्थानांची स्मृती राखली.

मराठे आणि शीख यांचा संबंध मात्र दफ्तरांत भक्कमपणे नोंदलेला आहे. १७५८ च्या वसंतात राघोबादादा आणि मल्हारराव होळकर यांच्या फौजा सरहिंद घेऊन लाहोरात शिरल्या, तेव्हा शीख सरदार त्यांच्या बरोबरीने लढत होते. १८०५ मध्ये लॉर्ड लेकचा पाठलाग चुकवीत यशवंतराव होळकर अमृतसरास पोहोचले आणि त्यांनी महाराजा रणजितसिंहांकडे मदत मागितली. ती मिळाली नाही. डिसेंबरात यशवंतरावांनी राजपूरघाटचा तह केला. जानेवारी १८०६ मध्ये रणजितसिंहांनीही कंपनीशी तह केला आणि होळकरांची फौज अमृतसरपासून तीस कोस दूर घालविण्याची अट मान्य केली. आपण मैत्रीची कथा सांगताना हे तीस कोस सोयीस्करपणे विसरतो. ते विसरू नयेत. दोन्ही राजांना आपापले राज्य राखावयाचे होते, एवढाच त्याचा अर्थ.

राजकारणापेक्षा जुना धागा भक्तीचा आहे. गुरू ग्रंथसाहिबात संत नामदेवांची ६१ पदे आहेत. २०१५ मध्ये पंजाबातील घुमान येथे मराठी साहित्य संमेलन भरले, ते याच नात्याच्या आठवणीने. इंदूरच्या गुरुद्वाऱ्यात पाठ चालू असतो, तेव्हा आपल्या नामदेवांचे शब्दही तेथे उच्चारले जात असतात. हे आपल्यातील कितीजणांच्या ध्यानी आले असेल?

फाळणीनंतर, १९४७ पासून, पंजाब व सिंधमधून घरदार गमावलेली कुटुंबे इंदुरास आली. सिंधी कुटुंबांतही नानकपंथी पुष्कळ होते. आपण सरदारांच्या पदरी आलो, ते निर्वासित होऊन आले. आपल्याकडे सनदा होत्या, त्यांच्याकडे बहुधा एखादी पेटी आणि पोथी. गुरुद्वारा हे त्यांच्यासाठी पूजास्थान होतेच. शिवाय लंगरात जेवण, ओळखपाळख आणि कामाधंद्याची विचारपूसही तेथेच होत असे. नोव्हेंबर १९८४ मध्ये दिल्लीतल्या हिंसाचाराची आग इंदुरातही पसरली, माणसे मारली गेली. ज्या शहरात त्यांनी दुसऱ्यांदा घर मांडले, तेथेच ही वेळ यावी, ही गोष्ट शहराच्या इतिहासातून वगळता येणार नाही. तरीही लंगर चालू राहिला आणि त्या पंगतीत कोणालाही मज्जाव झाला नाही.

आता स्वतःकडे वळून पाहू. आपल्या कित्येक घरांत मोडी कागदांचे रुमाल आहेत, पण ते वाचणारे हात उरले नाहीत. मुले पुण्या-बंगळुरास आणि परदेशी गेली, वाडे विकले गेले. आपण पुरावा जपला, पण रोज एकत्र येण्याचे ठिकाण हळूहळू हातचे सोडले. बेटम्याच्या बावडीपाशी पुरावा थोडा आहे, पण माणसे येत राहिली, म्हणून स्मृती जिवंत आहे. इतिहासास दोन्ही हवे. कागद नसेल तर आठवणीची दंतकथा होते, आणि माणसे नसतील तर कागदाची रद्दी.

गौतमपुऱ्यास जाण्याचा योग आला, तर वाट थोडी वाकडी करून बेटम्यास जरूर थांबावे. डोके झाकावे, पंगतीत बसावे. आणि घरी परतल्यावर माळ्यावरचा तो रुमाल एकदा सोडून पाहावा.