अंध ठरवलेली, पण पाहू शकणारी मुले : बारामती-इंदापूरच्या दुष्काळापासून भिंगापर्यंत

१/ १८७६-७८ च्या दुष्काळाने पुणे जिल्ह्याचा पूर्व भाग होरपळून निघाला. पुढे नीरा डावा कालवा झाला आणि बारामती-इंदापूरच्या बऱ्याच शेतांना पाणी मिळाले. पण दुष्काळ केवळ शेते उजाड करत नाही, तो मुलांची दृष्टीही नेतो. या धाग्यात त्या दृष्टीचा इतिहास.

२/ कसा नेतो? आहारात अ जीवनसत्त्व उरले नाही की मुलाला आधी रातांधळेपणा येतो. मग डोळे कोरडे पडतात, बुबुळावरचे पारदर्शक पटल विरघळते आणि ‘फूल पडते’. अशा कुपोषित मुलाला गोवर किंवा जुलाब झाले, तर हे सारे काही दिवसांत घडते.

३/ देवीचा रोगही डोळे नेत असे. भारतातील पहिली देवीची लस १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली. देश देवीमुक्त जाहीर व्हायला मात्र १९७७ साल उजाडले.

४/ दृष्टी गेलेल्या मुलांचे शिक्षण? १९०० मध्ये ॲना मिलार्ड यांनी मुंबईत अंधशाळा काढली. आज ती दादरची अंधशाळा म्हणून ओळखली जाते. १९३४ मध्ये पुण्यातही अंधशाळा झाली. १९५१ मध्ये भारतीय भाषांसाठी समान ब्रेल लिपी स्वीकारली गेली. ज्यांना शाळेचे दारच बंद होते, त्यांच्यासाठी हे मोठे पाऊल होते.

५/ पण या वर्गांत बसलेले प्रत्येक मूल पूर्ण अंध नव्हते. कोणाला उजेड कळे, कोणाला डोळ्यांजवळ धरलेले ठळक अक्षर दिसे. तरीही सर्वांच्या हाती ब्रेलच येई. त्यामागे एक जुनी वैद्यकीय समजूत होती : उरलेली दृष्टी वापरली तर ती झिजते. लंडनमध्ये १९०८ साली सुरू झालेल्या तीव्र लघुदृष्टीच्या मुलांच्या वर्गातही याच भीतीने वाचन कमीत कमी ठेवले जाई.

६/ या समजुतीला मोठा धक्का दिला तो अमेरिकेतील नॅटली बरागा यांनी. १९६४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांनी दाखवले की सरावाने अल्पदृष्टी मुले उरलेली दृष्टी अधिक चांगली वापरू शकतात. पाहणे हेदेखील शिकावे लागते, आणि ते शिकवता येते.

७/ इकडे १९७० मध्ये बालकांना अ जीवनसत्त्वाचे डोस देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. १९७२ च्या दुष्काळातील सुकडी आजही वडीलधाऱ्यांच्या आठवणीत आहे. १९७५ मध्ये अंगणवाडी योजना आली, १९८५ पासून सार्वत्रिक लसीकरणात गोवराची लसही मिळू लागली.

८/ परिणामी कारणे बदलली. महाराष्ट्रातील अंधशाळांच्या पाहणीचा अहवाल २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सर्वांत मोठा गट डोळ्यांच्या जन्मजात दोषांचा निघाला. शिवाय अंधशाळेत शिकणाऱ्या काही मुलांना चष्मा किंवा भिंग दिल्यावर अधिक स्पष्ट दिसू लागले.

९/ १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याने ‘अल्पदृष्टी’ ही अंधत्वापेक्षा निराळी श्रेणी मानली. पण कायद्यातील व्याख्या गावात आपोआप पोहोचत नाही. लस एकदोनदा टोचली की काम होते, अल्पदृष्टीची सेवा मात्र पुनःपुन्हा घ्यावी लागते. तपासणी, चष्मा, भिंग, सराव, वर्गात पुढचा बाक आणि मूल वाढले की पुन्हा तपासणी. बारामतीहून पुणे सुमारे १०० किलोमीटर, इंदापूरहून त्याहून दूर. प्रत्येक खेपेला आईची किंवा वडिलांची एक दिवसाची मजुरी बुडते. ऊसतोडीसाठी इथे येणारी कुटुंबे तर हंगाम संपताच गाव सोडतात, मग पुढची तपासणी कोण करणार?

१०/ आणि वेळ तर थांबत नाही. दाट जन्मजात मोतीबिंदू पहिल्या काही आठवड्यांतच काढावा लागतो. उशीर झाला तर डोळा मोकळा होऊनही मेंदू पाहायला शिकत नाही. म्हणून या इतिहासाचा पुढचा टप्पा मोठ्या रुग्णालयाइतकाच अंगणवाडीताई आणि जिल्हा परिषद शाळेतील गुरुजींच्या हाती आहे. पुस्तक नाकाला लावून वाचणारे मूल आधी त्यांनाच दिसते. त्याला ‘आंधळा’ म्हणण्याआधी त्याला किती दिसते, हे कोणीतरी मोजायला हवे.