शाळेतील परिचारिका : मुलांच्या आरोग्याची राखण

इंद्रायणीकाठचे चऱ्होली बुद्रुक हे गाव १९९७ साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत समाविष्ट झाले. एकेकाळच्या या शेतीच्या गावात आता मोठी गृहसंकुले व शाळा उभ्या आहेत. भोसरी-चाकणच्या कारखान्यांत पाळीने काम करणाऱ्या कुटुंबांची मुले दिवसाचे पाच-सहा तास शाळेत असतात. आई-वडील दोघेही कामावर असताना मुलाला ताप भरला, फळ्यावरची अक्षरे दिसेनाशी झाली किंवा ते दिवसेंदिवस मलूल होऊ लागले, तर ते प्रथम कोणाच्या ध्यानी येणार? शालेय परिचारिकेचे महत्त्व या प्रश्नातून स्पष्ट होते. वैद्यकीय तपासणी मुलातील दोष दाखवून देते. परंतु तो दोष दूर होईपर्यंत मुलाची व पालकांची साथ करणारे कोणीतरी असावे लागते. ते कार्य परिचारिकेचे आहे.

सेवेचा उगम

न्यूयॉर्क शहरात १८९७ पासून डॉक्टर शाळांतील मुलांची तपासणी करीत. खरूज, नायटा, उवा, डोळ्यांची खुपरी असे संसर्गजन्य विकार आढळले की मुलाला घरी पाठवले जाई. घरी उपचार होतो की नाही, हे मात्र कोणी पाहत नसे. परिणामी गरीब वस्त्यांतील वर्ग ओस पडू लागले. समाजसेविका लिलियन वाल्ड यांच्या पुढाकाराने १ ऑक्टोबर १९०२ रोजी लिना रॉजर्स या परिचारिकेची चार शाळांवर प्रायोगिक नेमणूक झाली. त्या शाळेतच किरकोळ उपचार करीत आणि घरोघरी जाऊन मातांना औषध लावण्याची रीत शिकवीत. हा प्रयोग यशस्वी ठरून आणखी परिचारिका नेमण्यात आल्या. सप्टेंबर १९०२ मध्ये १०,५६७ मुलांना शाळेतून घरी पाठवावे लागले होते. सप्टेंबर १९०३ मध्ये ही संख्या १,१०१ वर आली. डॉक्टरांची तपासणी पूर्वीही होतीच. पाठपुरावा करणाऱ्या परिचारिकेची त्यात भर पडली होती.

भारतात शाळकरी मुलांची पहिली वैद्यकीय तपासणी १९०९ साली बडोदा शहरात झाली. त्या वेळी तेथे महाराज सयाजीराव गायकवाड यांचे राज्य होते. स्वातंत्र्यानंतर १९६० साली केंद्र सरकारने श्रीमती रेणुका राय यांच्या अध्यक्षतेखाली शालेय आरोग्य समिती नेमली.

महाराष्ट्रातील व्यवस्था

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच राज्यातील पालघर येथे झाला. जन्मतः असलेले दोष, पोषणातील कमतरता, आजार आणि विकासातील विलंब अशा चार प्रकारांतील विकार जन्मापासून अठरा वर्षांपर्यंत शोधून काढणे, हा त्याचा उद्देश आहे. तपासणी पथकात दोन डॉक्टर, एक परिचारिका व एक औषधनिर्माता असावेत, अशी रचना आहे. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणी अपेक्षित आहे.

येथे दोन गोष्टी पालकांनी ध्यानात घ्याव्यात. पहिली अशी की, शाळांपुरता हा कार्यक्रम शासकीय व अनुदानित शाळांसाठी आखलेला आहे; विनाअनुदानित खासगी शाळांनी आपली व्यवस्था आपणच करावयाची असते. दुसरी अशी की, पथक एका दिवसासाठी येते व जाते. चष्मा लागेल असे कागदावर लिहिले गेले, तरी तो मुलाच्या डोळ्यांवर चढला का, हे पाहण्यासाठी शाळेतच जबाबदार व्यक्ती हवी.

परिचारिकेचे दैनंदिन कार्य

प्रत्येक मुलाची उंची, वजन, दृष्टी, श्रवण व दात यांची नोंद ठेवणे आणि गरज भासल्यास डॉक्टरांकडे पाठवणे, हे तिचे पहिले काम. दमा, मधुमेह किंवा अपस्मार असलेल्या मुलांची माहिती ती शिक्षकांना आवश्यक तेवढीच देते. अपस्माराचा झटका आल्यास मुलाला कुशीवर वळवावे, तोंडात काहीही घालू नये, कांदा किंवा चप्पल हुंगवू नये आणि झटका पाच मिनिटांपेक्षा अधिक चालल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, हे ती सर्वांना शिकवते. जंतनाशक गोळ्या, रक्तक्षय टाळणाऱ्या लोहाच्या साप्ताहिक गोळ्या आणि दहाव्या व सोळाव्या वर्षीची धनुर्वात-घटसर्पाची लस यांविषयी पालकांच्या शंका दूर करणे, हेही तिचेच काम. डॉक्टरांच्या लेखी सूचनेविना औषधोपचार करणे मात्र तिच्या अधिकारात बसत नाही.

वयात येणाऱ्या मुली मासिक पाळीविषयी जे शिक्षकांशी बोलत नाहीत, ते परिचारिकेशी बोलतात. वारंवार पोटदुखीची तक्रार करणाऱ्या मुलाच्या मनातील भीतीही तिलाच उमगते. अंगावरील वळ अनेकदा प्रथम तीच पाहते. लैंगिक अत्याचाराचा संशय आल्यास पोलिसांना कळवणे २०१२ च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे. अशा वेळी शाळेच्या किंवा कुटुंबाच्या नावलौकिकापेक्षा मुलाची सुरक्षितता मोठी मानली पाहिजे. संकटातील मुलांसाठी १०९८ ही मदतवाहिनी आहे.

आपले कर्तव्य

लूककृत शुभवर्तमानातील चांगल्या शोमरोनी माणसाचा दाखला आपणांस परिचित आहे. जखमा बांधून तो निघून गेला नाही. त्याने जखमी प्रवाशाला उतारशाळेत नेले, खर्चाची तजवीज केली आणि परत येण्याचे वचन दिले. शालेय परिचारिकेची सेवा याच वृत्तीची आहे.

पालकांनी मुलाचे आजार, ॲलर्जी व चालू औषधे शाळेपासून लपवू नयेत. प्रवेश घेताना इमारत व शुल्क यांची चौकशी आपण करतोच. शाळेत प्रशिक्षित परिचारिका आहे का, हेही विचारावे. शाळेत ती नसल्यास पालक-शिक्षक संघाच्या सभेत तशी मागणी करावी. परिचर्येचे शिक्षण घेतलेल्या अनेक भगिनी व धर्मभगिनी आपल्या समाजात आहेत. निवृत्त परिचारिकांनी शाळा व डॉक्टर यांच्या संमतीने आठवड्यातून एखादा दिवस दिला, तर तपासणीच्या नोंदींचा पाठपुरावा होऊ शकेल. एखाद्या घरी चष्म्यासाठी पैसे नसतील किंवा मुलाला रुग्णालयात नेण्यास कोणी मोकळे नसेल, तर तो भार धर्मग्रामाने उचलावा. असे झाले, तर तपासणीच्या कागदावर नोंदलेले एकही मूल उपचाराविना राहणार नाही.