उबेची साठवण

शरद ऋतू म्हटला की महाराष्ट्रात कोजागरीचे चांदणे आणि शेतातली सुगी आठवते. थंडी पुढे येऊन ठेपली म्हणून येथे कोणाच्या काळजात धडकी भरत नाही. ट्रंकेतली गोधडी उन्हात टाकली, शेकोटीसाठी चार काटक्या जमविल्या, की हिवाळ्याची तयारी झाली. परंतु पृथ्वीच्या पाठीवर असेही मुलूख आहेत, की जेथे शरदातल्या दीड-दोन महिन्यांत माणसाने जे केले असेल, त्यावर त्याचे पुढचे सहा महिने अवलंबून असतात. लाकूड फोडावयाचे, भिंतींच्या भेगा लिंपावयाच्या, खिडक्यांच्या फटी बुजवावयाच्या, आणि मग बर्फ पडू लागल्यावर आपल्या तयारीची परीक्षा मुकाट्याने पाहत बसावयाचे. इंधन कमीत कमी जाळून घर उबदार कसे ठेवावे, हा प्रश्न या मुलुखांत चैनीचा नाही. तो जगण्याचा आहे. त्याचे उत्तर शोधण्यात माणसाने पुष्कळ बुद्धी खर्च केली आणि बरीचशी आडवळणे घेतली.

या विद्येचा पहिला धडा फार जुना आहे. झेनोफन या ग्रीक ग्रंथकाराने आपला गुरू सॉक्रेटिस याच्या ज्या आठवणी लिहून ठेवल्या आहेत, त्यांत घराविषयीचा एक संवाद आहे. घराचे तोंड दक्षिणेस असावे, म्हणजे हिवाळ्यात ऊन ओसरीत शिरते आणि उन्हाळ्यात सूर्य डोक्यावरून जात असल्यामुळे सावली मिळते, असा त्याचा मथितार्थ. यामागे साधे गणित आहे. ३४ अंश उत्तर अक्षांशावर डिसेंबरातील सर्वांत लहान दिवशी दुपारचा सूर्य क्षितिजापासून साडेबत्तीस अंशच वर येतो. जूनमध्ये तोच साडेएकोणऐंशी अंशांपर्यंत चढतो. दक्षिणेच्या खिडकीवर बेताची पडवी काढली, की हिवाळ्याचे तिरपे ऊन आत येते आणि उन्हाळ्याचे उभे ऊन बाहेरच अडते. पाहुण्याला कोणत्या दाराने घ्यावे, हे येथे सांगितले आहे. परंतु सायंकाळी तो निघून गेल्यावर त्याची ऊब घरात कशी राहावी, हा प्रश्न उरतोच.

विसाव्या शतकातील शास्त्रज्ञांनी या प्रश्नाचे उत्तर साठवणीत शोधले. १९३९ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेत हॉइट हॉटेल यांच्या नेतृत्वाखाली एक लहानशी इमारत उभारण्यात आली. छपरावर काचेखाली पाणी तापवावयाचे आणि तळघरातील प्रचंड टाकीत भरून ठेवावयाचे, अशी योजना होती. टाकी सुमारे ६५ हजार लिटरांची. उन्हाळ्याचे ऊन हिवाळ्यात वापरावयाचे, हा हेतू सिद्धीस गेला. परंतु खर्चाचा हिशेब मांडला, तेव्हा त्यापेक्षा कोळसा पुष्कळच स्वस्त ठरला.

त्यानंतरचा प्रयोग अधिक धाडसाचा होता. मॅसॅच्युसेट्समधीलच डोव्हर या गावी १९४८ साली एक घर बांधले गेले, आणि ते तीन स्त्रियांच्या सहकार्याने. ॲमेलिया पीबॉडी या शिल्पकार. जागा व पैसा त्यांचा. एलेनॉर रेमंड या वास्तुशिल्पकार. आणि उष्णतेची सारी योजना मारिया टेल्केस यांची. टेल्केस या १९०० साली बुडापेस्ट येथे जन्मलेल्या रसायनशास्त्रज्ञ. पाण्याऐवजी त्यांनी ग्लाउबरचे मीठ निवडले. हे स्फटिक ३२ अंशांच्या सुमारास वितळतात आणि वितळताना उष्णता पोटात घेतात. पुन्हा गोठू लागले की ती परत देतात. एक किलो मीठ वितळताना जेवढी उष्णता घेते, तेवढीत एक किलो पाणी साठ अंशांनी तापावे. म्हणजे पाण्याच्या मानाने थोड्या जागेत मोठी साठवण. घराच्या वरच्या मजल्याची दक्षिण बाजू काचेने मढविलेली होती. काचेमागील काळ्या पत्र्यामागे हवा तापे आणि पंखे ती हवा खोल्यांच्या मधल्या कोठ्यांत नेत. त्या कोठ्यांतील पिंपांत सुमारे २१ टन मीठ भरले होते.

नाताळच्या आदल्या दिवशी टेल्केस यांचे एक आप्त बायकामुलासह तेथे राहावयास गेले. घरात दुसरी भट्टी नव्हती. पहिले दोन हिवाळे बरे गेले, आणि वृत्तपत्रांनी त्या घराचे मोठे कौतुक केले. तिसऱ्या हिवाळ्यात मात्र मिठाने दगा दिला. वारंवार वितळल्या-गोठल्याने त्यातील निर्जल क्षार तळाशी बसू लागला आणि पाणी वर तरंगू लागले. दोघांची फारकत झाल्यावर उष्णता सांभाळणार कोण? पिंपेही गळू लागली. अखेर त्या घरात नेहमीची भट्टी बसवावी लागली. तरीही हा प्रयोग वाया गेला, असे म्हणणे अन्यायाचे होईल. वितळणाऱ्या पदार्थांत ऊब साठविण्याचा जो अभ्यास आज जगभर चालतो, त्याच्या आरंभी डोव्हरचे घर उभे आहे.

कोलोरॅडोतील जॉर्ज लॉफ या अभियंत्याने १९५७ साली डेन्व्हर येथे स्वतःसाठी घर बांधले, तेव्हा त्याने याहून साधी वाट धरली. जिन्याच्या पोकळीत दोन उंच नळकांडी उभी केली आणि त्यांत सुमारे बारा टन खडी भरली. छपरावर तापलेली हवा खडीतून फिरे. रात्री दगड ऊब परत देत. या व्यवस्थेने घराच्या गरजेपैकी सुमारे चौथा हिस्साच भागविला. बाकीचा भार गॅसच्या भट्टीवर राहिला. पण ती अर्धशतक चालली, आणि लॉफ २००९ साली वारले तोपर्यंत त्याच घरात राहत होते. दगड फाटत नाही, गळत नाही, आणि त्याला शिकवावेही लागत नाही.

या सर्व प्रयोगांत एक समजूत गृहीत धरलेली दिसते. ती अशी, की प्रश्न ऊब मिळविण्याचा आहे. १९७३ साली खनिज तेलाच्या किमती भडकल्या, तेव्हा कॅनडातील संशोधकांनी हा प्रश्न उलटा करून विचारला: मिळालेली ऊब जाते कोठे? सस्कॅचेवान प्रांतात थंडी उणे ४० अंशांपर्यंत उतरते. तेथे रेजायना शहरी १९७७ साली हॅरल्ड ऑर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक घर बांधले. त्याच्या भिंती सुमारे ३० सेंटिमीटर जाड व उष्णतारोधक द्रव्याने भरलेल्या होत्या, आणि छपराचे आवरण त्याहूनही भरीव होते. फटी तर इतक्या कसोशीने बुजविल्या, की ताजी हवा आत घेण्यासाठी वेगळे यंत्र बसवावे लागले. बाहेर जाणारी कोंदट हवा आपली ऊब आत येणाऱ्या थंड हवेला देऊन मगच बाहेर पडे. या घरावर सूर्याची उष्णता गोळा करणाऱ्या महागड्या नळ्याही बसविल्या होत्या. गंमत अशी, की पुढे त्या नळ्याच डोईजड झाल्या व काढून टाकाव्या लागल्या. भिंती मात्र आपले काम करीत राहिल्या.

याच विचाराला जर्मनीत शिस्तबद्ध रूप मिळाले. डार्मस्टाट शहराच्या क्रानिखश्टाइन भागात चार कुटुंबांनी मिळून बांधलेली एकास एक लागून चार घरे १९९१ साली वसली. त्यांचे शास्त्र वोल्फगांग फाइस्ट यांनी स्वीडनचे बो आडाम्सन यांच्यासह विकसित केले होते, आणि फाइस्ट स्वतः त्यांतीलच एका घरात राहावयास गेले. तिहेरी काचा, जाड आवरण, घट्ट सांधे. दर चौरस मीटरला वर्षाकाठी पंधरा युनिटांहून अधिक उष्णता लागू नये, अशी मर्यादा पुढे या पद्धतीने घालून दिली. सामान्य जुन्या घराच्या मानाने हा सुमारे दहावा हिस्सा. अशा घरात बसलेला माणूसही शेगडीसारखा मोजला जातो, कारण प्रत्येकाचे शरीर एखाद्या शंभर वॉटच्या दिव्याइतकी ऊब सतत देत असते. पंचवीस वर्षांनंतर पुन्हा मोजमाप केले, तेव्हाही ही घरे आपल्या वचनाला जागलेली आढळली.

हा सारा इतिहास श्रीमंत देशांचा झाला. परंतु भारतातही एक मुलूख असा आहे, की जेथे या प्रश्नाची धग, किंबहुना गारठा, पिढ्यान् पिढ्या सोसला गेला आहे. लेह हे गाव साडेतीन हजार मीटर उंचीवर, ३४ अंश अक्षांशावर वसले आहे. झाडे विरळ, म्हणून लाकूड दुर्मिळ. त्यामुळे लडाखी कुटुंबे शरदात याक व गाईंचे शेण थापून वाळवितात, चाऱ्याच्या पेंढ्या छपरावर रचतात आणि भाज्या खड्ड्यांत पुरून ठेवतात. थंडी कडाडली की सारे घर चुलीभोवतीच्या एका खोलीत गोळा होते. तेथील धूर बायकांच्या डोळ्यांत आणि मुलांच्या छातीत जातो. या प्रदेशाला निसर्गाने एक देणगी मात्र मुक्तहस्ताने दिली आहे: हिवाळ्यातही बहुतेक दिवस आकाश निरभ्र असते.

फ्रान्सच्या पिरेनीज पर्वतात ओदेयो येथे १९६७ साली फेलिक्स त्रोंब व जाक मिशेल यांनी एक भिंत बांधली होती. दक्षिणेस जाड काळी भिंत, तिच्यापुढे वीतभर अंतरावर काच. दिवसा भिंत तापते, आणि ती ऊब रात्री सावकाश खोलीत झिरपते. देशावरच्या मातीच्या जाड भिंती दुपारची तलखी लांबवितात, ते याच तत्त्वाने. फरक एवढाच, की देशावर ती तलखी नकोशी असते आणि पहाडात तिची वाट पाहिली जाते. ही भिंत लडाखात लवकरच रुजली, कारण मातीच्या विटा पाडण्याची कला तेथे पिढ्यान् पिढ्यांची होती. १९८८ साली सोनम वांगचुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्थापन केलेल्या सेकमॉल या संस्थेने सिंधू नदीकाठच्या फे गावाजवळ आपले विद्यालय मातीचे बांधले. बांधकामात विद्यार्थ्यांचे हात होते. ठोकून घट्ट केलेल्या मातीच्या भिंती, छपरात लाकडाचा भुसा व तत्सम टाकाऊ वस्तूंचा थर, आणि दक्षिणेस काचा. थंडीच्या तोंडावर दक्षिण भिंतीपुढे पारदर्शक प्लास्टिकचा पडदा ताणावयाचा आणि उन्हाळ्यात तो गुंडाळून ठेवावयाचा, हे तेथील शरदाचे काम. बाहेर उणे १५ अंश असताना आत १४-१५ अंश ऊब राहते, आणि त्यासाठी काहीही जाळावे लागत नाही. २०१६ साली मातीच्या वास्तुकलेसाठीचा आंतरराष्ट्रीय टेरा पुरस्कार या इमारतीस मिळाला.

डोव्हरच्या मिठापासून फे येथील मातीपर्यंतचा हा प्रवास काटकसरीचा जुना धडा नव्याने शिकवितो. संसारात मिळकतीइतकीच, कधी कधी तीहूनही अधिक, गळती महत्त्वाची असते. सूर्य सर्वांच्याच दारी सारखे दान टाकून जातो. ते दान रात्रीपर्यंत पुरविणे हे भिंतींचे काम, आणि त्या भिंती हिवाळ्यापूर्वी नीट करून ठेवणे हे माणसाचे. लेहमधल्या एखाद्या घरात या हिवाळ्यात चूल केवळ स्वयंपाकापुरती पेटली आणि मुलांना धुराविना धडे वाचता आले, तर अडीच हजार वर्षांच्या या विद्येला तिचे योग्य फळ मिळाले, असे म्हणावयास हरकत नाही.