मूळ प्रत कोणती? : 'प्रॉफेट-५' या वाद्याच्या निमित्ताने

जुन्या इलेक्ट्रॉनिक वाद्याची दुरुस्ती ही वरवर पाहता निव्वळ कारागिरीची बाब. आतली एखादी चिप निकामी होते, तिचे उत्पादन केव्हाच थांबलेले असते, आणि तिच्या जागी दुसरी कोणती चालेल याचा शोध सुरू होतो. परंतु या शोधात पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला ओळखीचा वाटेल असा एक प्रश्न दडलेला आहे : ज्या 'मुळा'शी इमान राखायचे, ते मूळ नेमके कोणते? 'प्रॉफेट-५' या सिंथेसायझरचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे.

कॅलिफोर्नियातील 'सिक्वेन्शियल सर्किट्स' या कंपनीने १९७८ मध्ये हे वाद्य आणले. त्याचे मुख्य शिल्पकार डेव्ह स्मिथ. एकाच वेळी पाच स्वर वाजवता येणे आणि वादकाने जुळवलेला आवाज साठवून ठेवून बटण दाबताच परत मिळणे, या सोयींमुळे त्याने वादकांचे लक्ष वेधले. प्रत्येक स्वरासाठी दोन ऑसिलेटर आणि एक फिल्टर, म्हणजे एकूण दहा ऑसिलेटर आणि पाच फिल्टर. एवढा पसारा एका पेटीत मावला तो चिपांमुळे. आरंभीच्या वाद्यांत 'एसएसएम' या कंपनीच्या चिपा होत्या. त्यांपैकी '२०४०' ही फिल्टरची चिप डेव्ह रॉसम यांनी रचलेली होती.

मात्र ही आरंभीची वाद्ये सुरात राहत नसत. एक व्होल्ट वाढला की स्वर एक सप्तक वर चढावा, असा या वाद्यांचा संकेत आहे. ही चढण ट्रान्झिस्टरच्या अंगभूत गुणधर्मावर आधारलेली असते आणि तो गुणधर्म तापमानाबरोबर बदलतो. पेटी तापली की स्वर हलतो, आणि दहा ऑसिलेटर सारखेच हलतील याची शाश्वती नसते.

१९८० मध्ये कंपनीने वाद्याची तिसरी आवृत्ती काढली. तीत डग कर्टिस यांच्या चिपा आल्या : ऑसिलेटरसाठी 'सीईएम ३३४०' आणि फिल्टरसाठी 'सीईएम ३३२०'. तापमानाचा परिणाम सावरण्याची व्यवस्था '३३४०'मध्येच अंतर्भूत होती. हा बदल म्हणजे एक चिप उपटून दुसरी खोचणे नव्हे. सर्किटच नव्याने मांडावे लागले. सूर स्थिरावला, आणि आवाजाचा पोतही बदलला. कोणता आवाज सरस, याविषयी वादकांत आजही दोन तट आहेत.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. पर्यायी चिप शोधणे हे उत्तरकालीन दुरुस्तीकाराचे काम, असा आपला समज असतो. या वाद्यात पहिला पर्याय खुद्द कर्त्यानेच स्वीकारला. दोन्ही आवृत्त्या अस्सल, दोहोंवर नाव एकच. तरीही त्यांत पाठभेद आहे.

पुढे काळ पालटला. १९८३ मध्ये यामाहाचे 'डीएक्स-७' हे डिजिटल वाद्य आले. १९८४ मध्ये 'प्रॉफेट-५'चे उत्पादन थांबले आणि १९८७ मध्ये मूळ कंपनी यामाहाच्या ताब्यात गेली. अ‍ॅनालॉग वाद्यांची मागणी आटली, तशा त्यांच्या चिपाही दुर्मीळ झाल्या. '३३४०' ही चिप 'मेमरीमूग', ओबरहाइमचे 'ओबी-एक्सए', रोलंडचे 'एसएच-१०१' यांतही होती. म्हणजे एका चिपेच्या अभावी अनेक वाद्यांवर मुकी होण्याची पाळी आली. दुरुस्तीकारापुढे तीन मार्ग उरले : दुसऱ्या मृत वाद्यातून चिप काढणे, तिच्याबरहुकूम केलेली चिप मिळवणे, किंवा तेच कार्य करणारे छोटे सर्किट सुट्या भागांतून उभारणे. पहिल्या मार्गात एक वाद्य जगवताना दुसऱ्याच्या जगण्याची शक्यता संपते. उरलेल्या दोहोंत कार्य साधते, पण पोत तोच राहील असे नाही.

कर्टिस २००७ मध्ये निवर्तले. २०१६ मध्ये त्यांच्याच कंपनीने '३३४०' पुन्हा बाजारात आणली. लाटव्हियातील रिगा येथील 'अल्फा' या कंपनीची 'एएस ३३४०' ही पर्यायी चिपही मिळते. २०२० मध्ये डेव्ह स्मिथ यांनी 'प्रॉफेट-५'ची चौथी आवृत्ती काढली. तीत कर्टिस यांच्या परंपरेतला आणि रॉसम यांनी नव्याने रचलेला, असे दोन्ही फिल्टर आहेत. वादकाने हवा तो निवडावा. शिवाय 'व्हिंटेज' नावाची एक कळ आहे. ती चारवरून एककडे फिरवत नेली की जुन्या आवृत्त्यांतली अस्थिरता वाढत जाते. १९८० मध्ये जो दोष काढण्यासाठी सर्किट बदलले, तोच दोष चाळीस वर्षांनी गुण म्हणून मुद्दाम घडवावा लागला.

कर्त्याने दोन्ही पाठ शेजारी ठेवले आणि निवड वाचकावर सोपवली, असे साहित्याच्या परिभाषेत म्हणता येईल. जुन्या वाद्याच्या दुरुस्तीकाराला ही मुभा नसते. त्याला एकच पाठ निवडावा लागतो. म्हणून त्याची जबाबदारी मूळ जपण्यापुरती संपत नाही. आपण कोणती आवृत्ती प्रमाण मानली, कोणती चिप काढली आणि तिच्या जागी कोणती बसवली, हे पेटीच्या आत चिठ्ठीवर लिहून ठेवणे हाही तिचाच भाग आहे. अशी नोंद नसेल, तर पुढच्या पिढीला ऐकू येणारा आवाज १९७८चा, १९८०चा, की दुरुस्तीकाराचा, हे कोणालाच सांगता येणार नाही.